दहावा व्हिडिओ कॉलवर झाला, रडायचं राहूनच गेलं: करोनात माणूस गमावलेल्यांसाठी काही पायऱ्या

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दहावा आम्ही मोबाईलवर बघितला. गावी चुलतभाऊ एकटा घाटावर, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिंड, नेटवर्क येतंय-जातंय, आणि कावळा शिवायच्या नेमक्या वेळेला व्हिडिओ अडकला. नंतर तो म्हणाला शिवला. आईने विचारलं, "खरंच शिवला का रे?" तो म्हणाला हो काकू. पुढे वर्षभर ती हा प्रश्न अधूनमधून विचारत राहिली, कधी त्याला, कधी मला, मी तर तिथे नव्हतेच.

ही गोष्ट एप्रिल २०२१ ची. आई स्वतः पॉझिटिव्ह होती, एका खोलीत बंद, मी पुण्यात दुसऱ्या खोलीत बंद, आणि आप्पा ज्या हॉस्पिटलात होते तिथून रात्री पावणेदोनला फोन आला. सही करायला कोण येतंय एवढंच विचारलं. बॉडी पिशवीत बांधलेली, चेहरा बघायला मिळाला नाही, अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. त्यांचे उपकारच आहेत, पण आपण तिथे नव्हतो हे काही केल्या मनातून जात नाही.

मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही. १४ महिने सगळं ठीक चाललंय असं दाखवून मग एक दिवस ऑफिसच्या लिफ्टमधे सॅनिटायझरच्या वासाने माझा श्वास अडकला, तेव्हा समुपदेशकाकडे गेले. तिथे जे शिकले आणि नंतर ओळखीतल्या अशा बऱ्याच घरांमधे बसून जे बघितलं ते पायरी-पायरीने लिहितेय. ज्यांचं माणूस त्या काळात गेलं आणि अजून कुठेतरी अडकल्यासारखं वाटतंय त्यांच्यासाठी आहे. क्रम असाच पाळायला हवा असं नाही, पण पहिल्या तीन पायऱ्या मात्र टाळू नका.

आधी एक समजून घ्या: हे नेहमीच्या दुःखापेक्षा वेगळं का आहे

आपल्याकडे माणूस गेलं की दुःखाची सोय केलेली असते. घरात चूल पेटत नाही, शेजारच्या घरातून पिठलं-भात येतो, पोरांना कोणीतरी आपल्याकडे नेतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं जमतात, मग दहावा, तेरावा, मधल्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि प्रत्येकाला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची. तेव्हा वैताग येतो ना की किती वेळा तेच तेच सांगायचं? पण ते पन्नास वेळा सांगणं हेच औषध असतं, सांगता सांगता ती गोष्ट हळूहळू आपल्याच कानाला खरी वाटायला लागते.

करोनात नेमकी हीच सोय गेली. अंत्ययात्रेला २० माणसांची मर्यादा, त्यात घरातले निम्मे पॉझिटिव्ह, शेजारी दाराला कडी लावून. परदेशातल्यांचं तर विचारूच नका, मार्च २०२० मधे बंद झालेली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं पूर्ववत व्हायला मार्च २०२२ उजाडलं, माझी आतेबहीण न्यू जर्सीत बसून वडिलांच्या फोटोला हार घालत होती.

साथ आपल्याला नवी नाही म्हणा. १८९७ च्या प्लेगात पेशंटची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या हे शाळेत वाचलेलं असतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्या लोकांनी मानमोडी म्हटलं. आमच्या घरात तो शब्द पणजीकडून आलाय, तिची दोन भावंडं त्यात गेली असं आजी सांगायची, पण त्यांची नावं काय होती हे आज घरात एकालाही माहीत नाही. न बोललेल्या दुःखाचं असं होतं, ते जात नाही आणि माणसाचं नाव तेवढं जातं.

पायरी १: काय घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढा

साधी वही घ्या. पहिला ताप कधी आला, टेस्ट कधी केली, बेडसाठी कोणाकोणाला फोन केले, ऑक्सिजन किती होता, शेवटचं बोलणं काय झालं. सुंदर लिहायचं नाहीये, तारीख आणि घटना बास. एका बैठकीत नका लिहू, रोज २० मिनिटं, आणि रात्री झोपायच्या आधी तर अजिबात नको, सकाळी किंवा दुपारी. नंतर लगेच काहीतरी हाताचं काम करा, भाजी निवडा, गाडी पुसा, काहीही.

लिहिताना मधे भोकं सापडतील. आमच्याकडे १९ तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मन त्या सहा तासांत सगळ्यात भयंकर सिनेमे दाखवत होतं. अशी भोकं बुजवता येतात का बघा. हॉस्पिटलचे कागद मागायचा घरच्यांना हक्क आहे, अर्ज केल्यावर ७२ तासांत द्यायला हवेत असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, पण दाखल पेशंटचे रेकॉर्ड ३ वर्षंच ठेवायचं बंधन असल्यामुळे २०२१ चे कागद आता मिळतीलच असं नाही. मिळाले तर एकट्याने वाचू नका, ओळखीच्या डॉक्टरसोबत बसून वाचा. मला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली, की शेवटच्या तासांत इतकं खाली सॅच्युरेशन असताना त्यांना गुंगी आलेली असणार, ते हाका मारत बसले नसतील. त्या एका वाक्यावर मी बरेच महिने झोपले.

कागद नाहीच मिळाले तर वहीत त्या जागी सरळ "हे आपल्याला माहीत नाही" असं लिहा. जागा मोकळी सोडलीत की मन ती भरत बसतं.

आणि हो, "एक्स्पायर झाले", "ऑफ झाले" असं म्हणायची सवय लागलेली असेल तर निदान वहीत तरी "गेले", "वारले" असं लिहा. मला "आप्पा वारले" हे दोन शब्द लिहायला तिसरा दिवस लागला.

पायरी २: "माझ्यामुळे" या शब्दाशी भिडा

ही सगळ्यात अवघड पायरी आहे म्हणून इथे जास्त वेळ थांबते. करोनातल्या दुःखात अपराधीपणाचा वाटा जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो, आणि तो साधारण तीन तऱ्हांचा असतो.

पहिला, "घरात मीच आणला". भाजी आणायला मी गेलो, ऑफिसला मी जात होते, लग्नाला जाऊया असं मीच म्हणाले. आता विचार करा, लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जायचे, लक्षणं नसलेली माणसंही पसरवत होती, आणि घरात पहिली टेस्ट ज्याची पॉझिटिव्ह आली त्यालाच पहिली लागण झाली असंही नाही, त्याने टेस्ट पहिली केली एवढंच. कोणाकडून कोणाला गेला हे घरच्या घरी ठरवता येत नाही. आपण मनातल्या मनात चालवलेल्या कोर्टात पुरावा म्हणून फक्त टेस्टची तारीख असते, त्यावर कोणी शिक्षा देतं का?

दुसरा, "रेमडेसिविर मिळालं असतं तर". त्या महिन्यात लोकांनी दागिने विकून, रात्र-रात्र मेडिकलच्या रांगेत उभं राहून ती इंजेक्शनं आणली, कुणाला सहापैकी चारच मिळाली, कुणाला मिळालीच नाहीत, आणि त्या न मिळालेल्या दोन बाटल्या आज इतक्या वर्षांनी माणसाला खातायत. हे नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने बऱ्याच देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीचे निकाल ऑक्टोबर २०२० मधेच आले होते आणि दाखल पेशंटमधे रेमडेसिविरने मृत्यू फारसे टळत नाहीत असं त्यात दिसलं होतं, नोव्हेंबरमधे त्यांनी दाखल पेशंटना ते देऊ नका अशी शिफारसही केली. प्लाझ्माचं तसंच, ज्याच्यासाठी ग्रुप-ग्रुपवर मेसेज फिरवले ती प्लाझ्मा थेरपी मे २०२१ मधे आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, उपचारांच्या यादीतून काढून टाकली, कारण फायदा दिसत नव्हता. म्हणजे तुम्ही धावलात ती धाव खरी होती, पण ती बाटली मिळाली असती तर माणूस वाचला असता हे गृहीतक मात्र कच्चं आहे. मला हे कळलं तेव्हा आधी भयंकर राग आला, इतकी पळापळ कशासाठी केली मग, आणि रागाच्या खाली बऱ्याच दिवसांनी थोडं हलकं वाटलं.

तिसरा, "मी शेवटी भेटलो नाही". याला उत्तर नाही. तुम्हाला भेटू दिलं नव्हतं, हे वाक्य रोज स्वतःला सांगायचं, बास. सोडून जाणं वेगळं आणि दारावर अडवलं जाणं वेगळं.

याच्यासाठी मला समुपदेशकाने एक सराव दिला होता तो देते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "तेव्हा मला काय माहीत होतं", उजवीकडे "आज काय माहीत आहे". मग तुमचा प्रत्येक आरोप योग्य बाजूला लिहा. "दोन दिवस आधी ॲडमिट करायला हवं होतं" हे कुठे जाईल? उजवीकडे. तेव्हा डावीकडे काय होतं? ताप १००, ऑक्सिजन ९६, आणि डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. आपण स्वतःवरचा खटला कायम उजव्या बाजूच्या माहितीवर चालवत असतो. आणि समजा खरंच तुमची काही चूक झाली असेल, कुणाचं दुखणं अंगावर काढू दिलंत, लसीला नको म्हणालात, तर ती चूक म्हणून लिहा, एका ओळीत. त्या एका ओळीचा आख्खा माणूस करू नका.

पायरी ३: राहिलेला विधी आता करा, उशीर झालेला नाही

लोक मला म्हणतात, आता इतक्या वर्षांनी काय लोकांना बोलवायचं, वेड्यात काढतील. नाही काढत. ज्यांना तेव्हा येता आलं नव्हतं त्यांच्याही मनात ते राहिलेलं असतं, फोन केल्यावर लोक "बरं झालं बोलावलंस" म्हणतात, स्वतःच्या अनुभवाने सांगते.

करायचं कसं? आधी दिवस ठरवा. हिंदू घरात पितृपक्ष सोयीचा असतो, तिथी माहीत नसेल किंवा चुकली असेल त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहेच. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तेव्हा राहिला असेल तर आता स्मृतिदिनाला ठेवा, मुसलमान घरात चाळीसावा राहिलेला असतो, वसई किंवा गोव्याकडच्या ख्रिस्ती घरात महिन्याची किंवा वर्षाची मिस्सा. देवधर्म मानत नसाल तर आवडत्या जागी नुसतं जमा.

मग माणसं ठरवा, १५ ते ४० पुरे. प्रत्येकाला आधीच सांगा की एक आठवण घेऊन या, लिहून आणली तरी चालेल, आणि गोड-गोडच नको. आमच्याकडे आप्पांच्या मित्राने आप्पा उधारी कशी बुडवायचे ते सांगितलं आणि आई दीड वर्षांत पहिल्यांदा जोरात हसली. फोटो मोठा लावा. गेलेल्याच्या आवडीचं जेवण करा, मात्र घरातल्या बाईवर सगळा स्वयंपाक टाकू नका, बाहेरून मागवा किंवा वाटून घ्या, नाहीतर ज्या बाईला रडायला वेळ हवा तीच पोळ्या लाटत बसते.

आणि जो त्या वेळी तिथे होता त्याला बोलू द्या. स्मशानात एकटा गेलेला मुलगा, ॲम्ब्युलन्समागे स्कूटरवर गेलेला जावई, घाटावर फोन धरून उभा राहिलेला आमचा चुलतभाऊ. त्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. सप्टेंबर २०२२ च्या पितृपक्षात आम्ही जमलो तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला की त्या दिवशी घाटावर एकूण सात घरांचे दहावे चालू होते, कावळे इतके होते की पान ठेवल्या ठेवल्या तुटून पडले, आणि मला वाईट वाटलं की काकांसाठी थांबायची वेळच आली नाही. आई ऐकत होती. तिने विचारणं अगदी बंद केलं असं नाही, पण त्यानंतर कमी झालं.

पायरी ४: दुःखाला वेळ द्या आणि दुःखातून सुट्टीही द्या

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग वगैरे, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असणार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मधे ते मांडलं, पण ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेलं होतं, मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. त्यामुळे "मी अजून रागावरच अडकलेय का" असले हिशोब करू नका.

मला जास्त पटलं ते नेदरलँड्सच्या स्ट्रोबे आणि शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मधे सांगितलेलं. माणूस झोक्यासारखा दोन बाजूंना जात-येत असतो, एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा पुढच्या जगण्याकडे, आणि हे जाणं-येणं चालू असणं हेच तब्येत बरी असल्याचं लक्षण. फक्त रडत बसलात तरी अडकता आणि फक्त कामात बुडालात तरी अडकता. माझं दुसरं झालं होतं. बँका, इन्शुरन्स, आईची औषधं, ऑफिस, लोक म्हणायचे किती खंबीर आहे पोरगी. ती खंबीरपणाची शाबासकी फार महागात पडते.

व्यवहारात काय करायचं, तर दिवसातला एक ठराविक वेळ आठवणीसाठी ठेवा, अर्धा तास. त्यात फोटो बघा, वही लिहा, मोठ्याने बोला त्यांच्याशी, कोणी ऐकत नाही. बाकी दिवसात आठवण आली तर तिला सांगा की संध्याकाळी सातला ये. हसू येईल वाचून, पण बऱ्याचदा खरंच ऐकते. आणि आठवड्यातून एकदा काहीतरी निव्वळ मजेचं करायचं, ज्याचा मरणाशी काही संबंध नाही. पहिल्यांदा हसल्यावर अपराधी वाटेल. वाटू द्या, नाटकाला गेला असाल तर ते अर्ध्यातून सोडून मात्र येऊ नका.

पायरी ५: शरीर तपासा

ही पायरी लोक विसरतात. छातीत आवळल्यासारखं होणं, श्वास पुरत नाही असं वाटणं, केस गळणं, विसरभोळेपणा, हे सगळं दुःखात होतं, पण हेच करोना होऊन गेल्यावर रेंगाळणाऱ्या त्रासातही होतं, थायरॉईडने होतं, बी-१२ कमी असल्याने होतं. तुम्हीही तेव्हा पॉझिटिव्ह होता का? मग मनाचंच आहे असं गृहीत धरू नका, रक्त तपासा. मोठा धक्का बसल्यानंतरच्या दिवसांत हृदयविकाराचा धोका वाढतो हेही खरं आहे, त्यामुळे छातीतलं दुखणं, घाम, हात दुखणं असं असेल तर "टेन्शन आहे" म्हणून घरी बसू नका.

झोपेसाठी मेडिकलवरून मिळवलेल्या गोळ्या नकोत, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय लागते, डॉक्टरने मोजून दिल्या तर ठीक. दारूने झोप लागते आणि तीनला मोडते. एवढं केलंत तरी पुष्कळ: उठायची वेळ रोज एक, सकाळी उन्हात २० मिनिटं, दुपारनंतर चहा-कॉफी नाही, रात्री जुने मेसेज वाचायचे नाहीत.

पायरी ६: कागद, पैसा आणि तो फोन

कागदपत्रं न झाल्याची टोचणीसुद्धा मनावर बसते, म्हणून हे मानसिक आरोग्याच्या लेखात लिहितेय. केंद्र-राज्याकडून ५०,००० रुपयांचं सानुग्रह अनुदान होतं, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२२ मधे अर्जाच्या मुदती घालून दिल्या, त्यामुळे तेव्हा अर्ज केला नसेल तर आता ते कठीण आहे, पण अर्ज करून अडकला असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत विमाही असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, त्याचा फॉर्म ५-आयएफ, पीएफसाठी २० आणि पेन्शनसाठी १०-डी. शिवाय जुनं पासबुक काढा आणि २०२१ च्या आधीच्या मे-जूनमधे ३३० रुपये कापलेले दिसतात का बघा, दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे, २ लाखांची, किती घरांनी ती मागितलीच नाही कारण आहे हेच ठाऊक नव्हतं. बँकेत विचारून तरी बघा. एका दिवशी एकच काम, आणि सोबत कुणीतरी न्या, काउंटरवर "मयत" हा शब्द ऐकून पाय गळतात.

फोनचं मात्र लगेच करा. रिचार्ज बंद झालं की काही महिन्यांनी नंबर दुसऱ्याला दिला जातो, व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस वापरलं नाही तर खातं पुसलं जातं, गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकतं. त्याआधी व्हॉइस नोट्स, फोटो, चॅट सगळं एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. ऐकायचं कधी ते नंतर ठरवा. माझ्याकडे आप्पांची ११ सेकंदांची नोट आहे, "अगं ते गॅसचं बुकिंग झालं का", एवढीच. दोन वर्षं मी ती उघडली नव्हती.

पायरी ७: घरातल्या घरात

एकाच माणसासाठी घरात चार जणांचं दुःख चार तऱ्हेचं असतं. एकाला सतत बोलायचं असतं, दुसरा विषय निघाला की उठून जातो, आणि दोघांना वाटतं की समोरच्याला काही वाटतच नाही. हे सरळ बोलून टाका: "मला बोलावंसं वाटतं, तुला नाही, मी ताईशी बोलत जाईन, तू फक्त रविवारी माझ्यासोबत फोटोला हार घाल." पुरुषांना विशेषतः समोरासमोर बसून बोलता येत नाही, गाडी चालवताना किंवा चालायला गेल्यावर येतं.

मुलांना खरं सांगा. "देवाघरी झोपलेत" म्हटलं की पोरं झोपायला घाबरतात.

आणि नवरा गेलेल्या बाईबद्दल. करोनात तरुण विधवांचा आकडा एवढा होता की राज्यात कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीसारखं काम उभं राहिलं, आणि मे २०२२ मधे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, लगेच सरकारनेही इतर गावांना तसं करायला सांगितलं. तुमच्या घरात, सोसायटीत हळदीकुंकवाला तिला बोलावत नसाल तर तिचं मानसिक आरोग्य वगैरे बोलू नका, आधी बोलवा. आईला पहिल्या संक्रांतीला समोरच्या काकूंनी दारात येऊन वाण दिलं, ते ती अजून सांगते.

पायरी ८: आपल्या हाताबाहेर गेलंय हे कसं ओळखायचं

दुःख लाटेसारखं येतं, मधे ओसरतं, मधे हसू येतं, आणि स्वतःबद्दलचं मत शाबूत राहतं. डिप्रेशनमधे लाट नसते, सगळं सपाट, कशातच चव नाही, आणि "मीच निरुपयोगी आहे" असं वाटत राहतं. तिसरा प्रकार लांबलेल्या दुःखाचा, त्याला आता प्रोलॉन्ग्ड ग्रीफ डिसऑर्डर असं नाव आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ६ महिन्यांनंतर आणि अमेरिकन डॉक्टरांच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी वर्षानंतर ते निदान होतं. त्यात जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ, माणूस गेलंय हे पटतच नाही, त्याची खोली, वस्तू जशीच्या तशी किंवा उलट त्या गल्लीतूनही जाणं टाळायचं, आणि काम-नाती सगळं ठप्प. वर्षश्राद्धाला रडू येणं म्हणजे हा आजार नव्हे, उगाच घाबरू नका. रोजचं जगणं बंद पडलंय का, हा प्रश्न विचारा.

"त्यांच्याकडे जावंसं वाटतं" हे दुःखातलं माणूस बोलून जातं. पण जगायला नको वाटणं, मरायचे विचार, त्याची तयारी मनात चालू असणं, यातलं काहीही असेल तर ही वही बाजूला ठेवा आणि आत्ता फोन करा: टेलि-मानस, १४४१६, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. तातडी असेल तर ११२. आणि घरात ज्याच्यावर विश्वास आहे त्याला हाक मारून सांगा की मला एकटं ठेवू नकोस. दुसऱ्या कुणाबद्दल शंका असेल तर थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस सुटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न बघता तीव्र ताण म्हणून बघायला सांगितलंय, तेव्हा पोलिसांच्या भीतीने लपवू नका.

एरवी कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे साध्या ओपीडीलाही जाता येतं, गोव्यात बांबोळीला. ठाण्याची आयपीएच, साताऱ्याची परिवर्तन अशा संस्था मराठीत काम करतात. पहिल्या भेटीत काय बोलायचं सुचत नसेल तर पायरी १ ची वही घेऊन जा आणि तीन गोष्टी सांगा: कोण गेलं, कधी, आणि आता रोज कशात अडतं. गोळ्या दिल्या तर डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका, बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. पहिला समुपदेशक नाही पटला तर दुसरा बघा, माझा पहिला मला "पॉझिटिव्ह राहा" म्हणाला होता, त्या वर्षी हा शब्द कोणी वापरतं का?

पायरी ९: तारखा

कॅलेंडरवर आधीच खुणा करा: ताप आला तो दिवस, गेले तो दिवस, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी. तारखेपेक्षा आधीचा आठवडा जड जातो, चिडचिड वाढते आणि कारण कळत नाही. म्हणून त्या आठवड्यात मोठे निर्णय नाहीत, भांडणं पुढे ढकला, त्या दिवशी कुणासोबत असणार ते ठरवा. सायरन, मास्क, ऑक्सिमीटर, बातम्यांत नवीन व्हेरिएंटचा उल्लेख, यांनी छातीत धस्स झालं तर पाय जमिनीवर दाबा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा, आजची तारीख म्हणा, साल सकट. लिफ्टमधे मी अजून म्हणते कधीकधी, लोक बघतात.

आमचा ऑक्सिमीटर अजून टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे आहे. सेल काढून ठेवलेत, टाकायचा की नाही ते आई ठरवेल.